नेसण आणि जतन : कोकणातील लोकवस्त्रांचा सांस्कृतिक अर्थ व त्यांच्या संग्रहाचे प्रश्न

प्रस्तावना

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेले गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला भातखाचरे व आंबा-काजूच्या बागा अशी त्याची आजची रचना आहे. सकाळी कामावर निघालेल्या स्त्रियांच्या अंगावर पंजाबी पोशाख किंवा पाचवारी साडी असते. नऊवारी लुगडे रोजचे वस्त्र म्हणून नेसणाऱ्या स्त्रिया वयाच्या पंच्याहत्तरीपुढच्या, आणि त्याही बोटांवर मोजण्याइतक्या. अशाच एका घरी जुनी लुगडी पाहावयास मिळतील काय, अशी विचारणा प्रस्तुत लेखकाने केली असता घरातील आजींनी ट्रंक उघडून लग्नातला शालू दाखविला. रोज नेसायची लुगडी कोठे आहेत, असे पुन्हा विचारल्यावर त्यांनी माळ्याकडे बोट केले. तेथे घडी घालून ठेवलेल्या चार गोधड्या होत्या.

लोकवस्त्रांच्या अभ्यासातील एक मूलभूत अडचण या लहानशा प्रसंगात सामावलेली आहे. जे वस्त्र आयुष्यात दोन-चार वेळा नेसले गेले ते उरते. जे आयुष्यभर अंगावर होते ते झिजते, फाटते व दुसऱ्या रूपात निघून जाते. साहजिकच संग्रहालयात पोहोचते ते सणाचे वस्त्र. ते पाहून एखाद्या समाजाच्या पोशाखाविषयी काढलेली अनुमाने कितपत ग्राह्य मानावीत, आणि कोकणासारख्या प्रदेशात लोकवस्त्रांचा संग्रह करावयाचा झाल्यास नेमके काय गोळा करावे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

लोकवस्त्र : संकल्पना आणि काही परदेशी उदाहरणे

लोकवस्त्रांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया ज्या ग्रंथांनी घातला त्यांत प्योत्र बोगातिरेव यांचा मोराव्हियन स्लोव्हाकियातील पोशाखाविषयीचा १९३७ सालचा ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. वस्त्र ही वस्तूही असते आणि चिन्हही असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. रोजच्या पोशाखात उपयुक्ततेचे कार्य प्रधान असते. तोच पोशाख सणाचा, समारंभाचा व शेवटी विधीचा होत जातो, तसतसे उपयुक्ततेचे कार्य मागे पडते आणि वय, वैवाहिक स्थिती, गाव, धर्म, दर्जा सांगण्याचे कार्य पुढे येते. या सर्वांहून वेगळी अशी ‘हा आमचा पोशाख’ ही भावनाही त्यांनी नोंदविली आहे. आपल्याकडील नऊवारी लुगड्याचा गेल्या शंभर वर्षांतील प्रवास या मांडणीच्या आधारे बराचसा उलगडतो.

‘आमचा पोशाख’ या भावनेचे ठळक उदाहरण म्हणून युक्रेनकडे पाहता येईल. तेथील ‘विशिवांका’ म्हणजे कशिदा काढलेला सदरा. गळा, बाह्यांची टोके, खालची किनार, म्हणजे वस्त्र जेथे उघडते त्या जागी कशिदा असावा, तो अंगाचे रक्षण करतो, अशी तेथील लोकसमजूत आहे. पोल्तावा भागातील पांढऱ्यावर पांढरा कशिदा, बोर्शचिव्ह भागातील काळ्या धाग्यांनी भरलेल्या बाह्या यांवरून प्रदेश ओळखता येतो. कीव्ह येथील शिल्पकार इव्हान होन्चार (१९११–१९९३) यांनी खेड्यापाड्यांतून फिरून असे पोशाख, चित्रे व घरगुती वस्तू आपल्या राहत्या घरी जमविल्या. सोव्हिएत राजवटीत या गृहसंग्रहाकडे संशयाने पाहिले गेले, आणि १९९३ मध्ये त्यातूनच शासकीय संग्रहालय उभे राहिले. २००६ साली चेर्निव्हत्सी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी विशिवांका घालण्याचा एक दिवस ठरविला. मे महिन्यातील तिसऱ्या गुरुवारी पाळला जाणारा हा दिवस आता अनेक देशांत पोहोचला आहे. २०२२ मध्ये युद्धकाळात खेरसोन येथील संग्रहालयांची लूट झाली, त्यावरून अशा संग्रहांना शत्रूही किती महत्त्व देतो हे दिसून आले.

त्याआधी, १८७२ मध्ये स्वीडनमधील आर्थर हाझेलियस यांना दालार्ना प्रांतातील प्रवासात गावोगावचे पोशाख नाहीसे होत असल्याचे जाणवले आणि त्यांनी ते जमविण्यास आरंभ केला. स्टॉकहोममधील नॉर्डिक संग्रहालय व १८९१ चे स्कान्सेन हे खुले संग्रहालय यांचे मूळ तेथे आहे. जगातील लोकजीवनविषयक संग्रहालयांच्या चळवळीचा एक प्रमुख प्रवाह अशा रीतीने कपड्यांपासून सुरू झाला, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही.

मात्र ही उदाहरणे कोकणाला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. विशिवांका हा शिवलेला सदरा आहे. खुंटीवर टांगला तरी तो सदराच राहतो आणि त्याचा अर्थ कशिद्याच्या रूपाने कापडावर कायमचा उमटलेला असतो. (युक्रेनमध्येही ‘प्लाख्ता’ हे चौकडीचे कमरेस गुंडाळावयाचे वस्त्र आणि विवाहितेने डोक्याला बांधावयाची ‘नामित्का’ ही लांब पट्टी आहे, परंतु तेथील पोशाखाची ओळख सदऱ्याशीच जोडली गेली आहे.) लुगड्याचे तसे नाही. अंगावरून उतरले की ते नऊ वार लांबीचे सपाट कापड होते. कोणी नेसले, गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, कासोटा कसा घातला, पदर कोणत्या खांद्यावर घेतला, यांतील एकही गोष्ट त्या घडीत राहत नाही. लुगड्याचा अर्थ प्रामुख्याने नेसणीत असतो, आणि नेसण ही हातांची विद्या आहे.

नेसण

मराठीत ‘नेसणे’ व ‘घालणे’ ही क्रियापदे निराळी आहेत. लुगडे, धोतर, सोवळे नेसतात, चोळी, बंडी, सदरा घालतात, पागोटे बांधतात, उपरणे, घोंगडी घेतात किंवा पांघरतात. भाषेने राखलेला हा भेद वस्त्राभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

स्त्रीच्या नेसणीचे सकच्छ व विकच्छ असे दोन प्रकार केले जातात. नऊवारीची नेसण सकच्छ. प्रथम लुगडे कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारली जाते, मग निऱ्यांचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचला जातो. हा कासोटा. पुढे खोचलेल्या निऱ्यांच्या घोळाला ओचा म्हणतात. उरलेले टोक छातीवरून खांद्यावर गेले की तो पदर. परकराची किंवा नाडीची गरज नाही, टाचणी नाही, शिवण नाही. कनवटीला पैसे राहतात, ओच्यात काजू, चिंचा, भाजीपाला मावतो, पदराच्या टोकाला किल्ल्या व औषधाची पुडी बांधता येते. ओटी भरण्याच्या विधीत खण, नारळ व तांदूळ ज्या ओटीत घातले जातात ती ओटीही मुळात वस्त्राचीच एक जागा आहे. पिशवी हातात धरण्याची सवय कोकणी स्त्रीला उशिरा लागली, याचे एक कारण तिच्या वस्त्रातच पिशवी होती हे असावे.

नेसणीची उंची ही कोकणातील सर्वांत बोलकी खूण होती. भातलावणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात वाकून उभे राहणाऱ्या कुणबी स्त्रीचे लुगडे गुडघ्याच्या आसपास असे. घराबाहेर श्रमाला न जाणाऱ्या घरांतील स्त्रीचे घोट्यापर्यंत पोहोचे. उत्तर कोकणातील कोळी स्त्रिया लुगडे मांड्यांना घट्ट बसेल असे नेसतात आणि वरच्या अंगावर चोळी व निराळे उपवस्त्र घेतात. होडीतून उतरून पाण्यात उभे राहणे, पाटी डोक्यावर घेऊन झपाझप चालणे या गोष्टी त्या नेसणीने शक्य होतात. गोव्यातील कुणबी-गावडा स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे वस्त्र खांद्यावर गाठ मारून नेसले जाते, तेथेही शेतातील काम हेच कारण दिसते. एकच कापड निरनिराळ्या उंचीवर, निरनिराळ्या गाठीने नेसून गावातील प्रत्येक स्त्री आपली जात, काम व स्थिती न बोलता सांगत असे. तिला ती सांगावी लागत असे, असेही म्हणता येईल. त्याकडे पुढे येऊ.

नऊवारी हे घोड्यावर बसणाऱ्या, लढाईस जाणाऱ्या मराठा स्त्रियांसाठी निर्माण झालेले वस्त्र होय, असे विधान अलीकडे व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार आढळते. ऐकावयास ते आवडते. परंतु कासोट्याचे स्पष्टीकरण शोधण्यासाठी रणांगणापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही; आषाढातील एखादे खाचर पुरेसे आहे.

पुरुषांच्या पोशाखाविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण तो बदलला फार लवकर. लंगोटी, खांद्यावर कांबळे व डोक्याला मुंडासे हा शेतकऱ्याचा वेष. धोतर, अंगरखा, उपरणे व पागोटे हा लेखणीवर जगणाऱ्यांचा. कोळ्यांचा चौकड्यांच्या कापडाचा सुरका. पावसाळ्यात घोंगडीची खोळ किंवा बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले. इरले हे वस्त्र की अवजार, हा प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. ते पाठीवर घेऊन दोन्ही हात लावणीसाठी मोकळे राहतात, आणि प्लॅस्टिकचा कागद आल्यावर ते ज्या वेगाने दिसेनासे झाले त्या वेगाने दुसरे कोणतेही वस्त्र गेले नसेल.

कापड कोठून येई

लोकवस्त्र म्हटले की गावातला माग, गावातला विणकर व झाडपाल्याचे रंग असे चित्र आपल्या मनात उभे राहते. कोकणाच्या बाबतीत ते बहुतांशी खरे नाही. कापूस पिकविणारा हा प्रदेश नव्हे. कापड घाटावरून येई. इरकल म्हणून ओळखले जाणारे इळकलचे लुगडे, त्याचा तांबडा टोपपदर, गुळेदगुड्डचे खण हे सर्व आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या. पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ ची. त्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी राहिला. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत घरच्या माणसासाठी लुगडे असे, आणि ते त्यानेच किंवा त्याच्या शेजाऱ्याने चालविलेल्या मागावर विणलेले असण्याचा संभव मोठा. १९८२ च्या संपानंतर हा धागा तुटला.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येते. कापड यंत्रावर विणलेले असले म्हणून वस्त्र लोकवस्त्र राहत नाही असे नाही. कोकणात ‘स्थानिक’ असे काही असेल तर ती नेसण आहे. म्हणून गिरणीच्या लुगड्याला संग्रहात स्थान नाकारणे ही चूक ठरेल. उलट अशा लुगड्याच्या टोकाशी गिरणीचा छाप शिल्लक असेल तर काळ ठरविण्यास त्यासारखा पुरावा नाही.

पाचवारीकडे झालेल्या संक्रमणाची कारणे अनेक आहेत. परकराचा प्रसार, शहरातील शिक्षण व नोकरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कापडटंचाई, चित्रपट ही त्यांपैकी काही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथील थंडीत नऊवारीने पाय व कंबर उघडी राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरविले. परंपरा आणि हवामान यांच्यातील तडजोड एका स्त्रीने स्वतःच्या विचाराने कशी केली, याचे हे नोंदलेले जुने उदाहरण आहे.

वस्त्राचे ओझे

लोकवस्त्रांविषयीच्या लेखनात सहसा एक हळवा सूर असतो. जुने ते नाहीसे होत आहे, ते वाचविले पाहिजे, हा तो सूर. प्रस्तुत लेखकही त्यातून मुक्त नाही. परंतु दोन वस्त्रांपाशी हा सूर थांबवावा लागतो.

पहिले आलवण. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेने नेसावयाचे हे तांबडे, जाडेभरडे लुगडे. अंगात चोळी नाही, पदर मुंडित मस्तकावरून घेतलेला. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा काकू असे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, ते या वस्त्रामागच्या जगाविरुद्ध. आज पैठणी, शालू, चंद्रकळा यांचे नमुने कोठेही पाहावयास मिळतील. आलवण कोणी जपून ठेवले आहे काय? ज्या घरांत ते होते त्या घरांनीच ते प्रथम नाहीसे केले, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. पण ज्या संग्रहात शालू आहे आणि आलवण नाही, तो संग्रह अर्धसत्य सांगतो. दोन्ही वस्त्रे अनेकदा एकाच स्त्रीच्या अंगावर आलेली होती, क्वचित काही महिन्यांच्या अंतराने.

दुसरे उदाहरण अधिक मूलगामी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे झालेल्या सत्याग्रह परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील स्त्रियांपुढे भाषण केले. त्यात त्यांनी वस्त्रांचा विषय मुद्दाम घेतला. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा, गळ्यातील व कोपरापर्यंतचे हलक्या धातूंचे दागिने या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा झालेल्या आहेत. त्या टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तेथल्या तेथे अनेक स्त्रियांनी नेसण बदलली. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा शोध ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात घेतला आहे. पवार या रत्नागिरी जिल्ह्यातील असल्याने तो ग्रंथ आपल्या परिसराच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा ठरतो.

लोकवस्त्राच्या अभ्यासकाने या घटनेचे काय करावयाचे? बोगातिरेव यांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे एका समूहाने ‘हा आमचा पोशाख नव्हे’ असे जाहीर केले. ज्या नेसणीला आपण आज वारसा म्हणू पाहतो ती त्या स्त्रियांना शिक्का वाटत होती, आणि ती टाकणे हे त्यांचे कर्तृत्व होते. अशा घरी जाऊन ‘तुमच्या आजीची जुनी नेसण दाखवा’ असे म्हणताना अभ्यासकाने आपण काय मागत आहोत याचे भान ठेवले पाहिजे. नोंद करावयाची ती टाकून दिलेल्या नेसणीची, तशीच ती टाकण्याच्या प्रसंगाचीही. युक्रेनमध्ये पोशाख जपणे ही मुक्ती ठरली. महाडला तो बदलणे. या दोन्हींना कवेत घेणारी संग्रहदृष्टी आपल्याला घडवावी लागेल.

कोणी काय जमविले

भारतीय वस्त्रांचा पहिला पद्धतशीर संग्रह कापडाच्या बाजारासाठी झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतातील वस्त्रांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवून त्यांचे वीस संच तयार केले. त्यांपैकी तेरा ब्रिटनमध्ये ठेवले गेले, सात भारतात आले. हिंदुस्थानी माणसाला काय नेसावयास आवडते हे ब्रिटिश गिरणीमालकांना कळावे, हा त्यामागचा स्वच्छ हेतू होता. नमुने कापून घेतलेले होते. लुगडी, धोतरे, पागोटी कात्रीखाली गेली आणि नेसण अर्थातच खंडांबाहेर राहिली. पुढे १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियरने जातवार वर्णने दिली. ती उपयुक्त आहेत, पण एका जातीतील सर्व माणसे एकसारखी वस्त्रे वापरतात असे गृहीत धरून लिहिलेली आहेत.

नेसण दिसते ती चित्रांत. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या ग्रंथासाठी काढलेल्या चित्रांत निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या निऱ्या, कासोटा, पदराची वळणे इतकी काळजीपूर्वक रेखाटली आहेत की ती अभ्याससाधन म्हणून वापरता येतात. शब्दांतील साधनांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, रमाबाई रानडे व आनंदीबाई कर्वे यांची आत्मकथने यांचे या दृष्टीने पुनर्वाचन व्हावयास हवे. मराठी विभागातील सहकाऱ्यांना हा विषय सुचवावासा वाटतो.

विद्वत्तेच्या अंगाने मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील १९५१ चा ग्रंथ आजही टाळता येत नाही. प्रत्यक्ष संग्रहाच्या अंगाने दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव घ्यावे लागते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रे अशा घरगुती वस्तूंचा वीस हजारांवर गेलेला त्यांचा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात उभा आहे. गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा विणून घेतली, ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये लिहिला आणि कोलवाळ येथील आपले घर वस्त्रसंग्रहालयासाठी दिले. त्यांचे निधन २०२० मध्ये झाले व संग्रहालय २०२४ मध्ये खुले झाले.

या मान्यवरांच्या मालिकेत आणखी एक नाव घालावयास हवे, ते बोहारणीचे. जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरणाऱ्या या स्त्रीइतका वस्त्रांचा चिकाटीने संग्रह कोणी केला नसेल. जर किती खरी, काठ रेशमी की कसे, हे ती बोटांनी ओळखी. तिच्या हाती गेलेल्या जरीच्या वस्त्रांची गत बहुधा भट्टीत होई, कारण चांदीला भाव होता. कोकणातील किती शालू स्टीलच्या डब्यांच्या रूपाने आपल्या स्वयंपाकघरांत शिल्लक आहेत, याचा हिशेब होणे नाही.

गोधडी

आता मिरजोळ्यातील माळ्याकडे परत जाऊ. गोधडी ही जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने टाके घालून शिवली जाते. वरचा थर चांगल्यांतल्या चांगल्या लुगड्याचा, आतले थर विरलेल्या कापडाचे, कडेला दुसऱ्या लुगड्याचा काठ. या चार गोधड्यांत आजींना स्वतःची, सासूची व एका जावेची लुगडी ओळखता आली. हे लावणीचे, हे मुलाच्या बारशाला आलेले, हा काठ माहेरचा, असे सांगत त्यांनी एकेका तुकड्यावर हात ठेवला. एका गोधडीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून आतला निळा थर दिसत होता. वरच्या कापडाचा रंग उडालेला असताना तो मात्र ताजा राहिला होता.

कोकणातील रोजच्या वस्त्राचा सर्वांत मोठा संग्रह असा घराघरांतील अंथरुणांत आहे. तो रंगांसाठी, काठांसाठी, कापडाच्या पोतासाठी वाचता येतो, आणि मालकिणीच्या तोंडून ऐकताही येतो. गोधडी उसवून आतले थर काढावेत काय, हा मोह अभ्यासकाला होतो. उसवू नये. टाके हेही त्या स्त्रीचे हस्ताक्षर आहे. कडेने उघडे असेल तेवढेच पाहावे व छायाचित्र घ्यावे.

महाविद्यालयाला काय करता येईल

संग्रहालयासाठी स्वतंत्र इमारत किंवा अनुदान हाती नसतानाही काही काम होऊ शकते. सर्वप्रथम नेसणीचे चित्रीकरण. लुगडे हाती घेतल्यापासून पदर खोवेपर्यंतची संपूर्ण कृती, पुढून व मागून, न तोडता, नेसणाऱ्या बाईच्या बोलण्यासह टिपावी. तिला हळू करावयास सांगू नये. हाताचा नैसर्गिक वेग हा नोंदीचा भाग आहे. दुसऱ्या वेळी हवे तर थांबत थांबत करून घ्यावे. शब्द तिचेच लिहावेत. निऱ्या, ओचा, कासोटा यांना गावोगाव व जातोजाती निरनिराळी नावे आहेत आणि ती कोशांत सर्व सापडत नाहीत. आज विवाहसमारंभांत व गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत सर्रास दिसणारी शिवलेली नऊवारी चढवावयास सोपी आहे, तरुण मुलींना ती आवडते, आणि त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मात्र ती नेसावी लागत नाही, घालता येते. नेसणे या क्रियापदाचा एक अर्थ तिच्यात उरत नाही, आणि नेमका तोच अर्थ आज पंच्याहत्तरीपुढच्या हातांत आहे.

प्रत्यक्ष वस्त्र मिळाल्यास त्यासोबत कोणाचे, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी नेसले, कोठून घेतले, माहीत असल्यास किंमत, आणि ते का ठेवले गेले या गोष्टी त्याच दिवशी लिहून घ्याव्यात. कागद नसलेले वस्त्र दहा वर्षांनी केवळ जुने कापड उरते. विकत घेण्याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत प्रतिकूल आहे. किंमत सांगितली की ट्रंकेतून सर्वांत भरजरी वस्त्र बाहेर येते आणि फाटके लुगडे मागेच राहते. शिवाय घरात वाद लागतात. वस्त्र घरीच राहू द्यावे, महाविद्यालयाने नोंद व छायाचित्रे ठेवावीत, आणि घरात ते नकोसे होईल तेव्हा आम्हास कळवावे एवढी विनंती करावी.

जतनाच्या बाबतीत कोकणाचे हवामान हा मुख्य शत्रू आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर बुरशी व कसर यांपासून कापड वाचविणे सोपे नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. त्याऐवजी धुतलेल्या, खळ काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात वस्त्र गुंडाळावे. जरीचे वस्त्र वर्षानुवर्षे त्याच घडीवर ठेवल्यास घडीच्या रेषेवर जर तुटते, म्हणून ते नळकांड्यावर गुंडाळावे किंवा दर पावसाळ्यानंतर घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या कापडास टेकू देऊ नयेत. लोहयुक्त काळ्या रंगात रंगविलेली जुनी वस्त्रे आपोआप जिरतात, त्यामुळे जुनी चंद्रकळा हाताळण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेणे शहाणपणाचे. निळीचा रंग मात्र टिकतो, हे त्या गोधडीच्या कोपऱ्यावरूनही दिसले होतेच.

दुसऱ्या भेटीत आजींनी लुगडे नेसून दाखविण्याचे मान्य केले. पुरुषांनी खोलीबाहेर थांबावे अशी त्यांची अट होती, म्हणून चित्रीकरण पदवी वर्गातील दोन विद्यार्थिनींनी केले. संपूर्ण नेसणीला चार मिनिटांहून कमी वेळ लागला. त्यानंतर त्यांनी एका विद्यार्थिनीला तिच्या सलवारीवरूनच लुगडे नेसावयास लावले. तिचा कासोटा तीनदा सुटला, तो भागही चित्रीकरणात ठेवलेला आहे. नोंदवहीत वस्त्रासमोर ‘मिरजोळे, रोजचे लुगडे, सुती’ असे लिहिल्यावर आजींनी ते वाचून दाखविण्यास सांगितले आणि त्यात ‘लावणीचे’ हा शब्द घालावयास लावला.